धुऱ्यावरून घेतलेली नोंद

...तिकडं कुठं चालले साहेब? तिकडं काई नाई, माया सांभार हाये, तुमची कोथिंबीर, अन् पालक. या, इथं बांधावर, धुऱ्यावरच बसा — मांगच्या श्रावनात सरकारी बोअरची नोंद घ्याले आलते, तवाबी इथंच बसलते ना? बुटाले शेरशेर काळी माती चिकटली होती तुमच्या! मीच म्हटलं, चिखलात कायले जाता, इथूनच दाबा मोबाईलचं बटन. दाबलं तुमी. मी काय जबरदस्ती केलती? अन् आता आठ महिन्यानं नोंद दुरुस्त कराले आले!

मले काय मालूम, सरकार सारी यादीच उघडी करनार — कोन्ता हातपंप कुठं, कोन्ती बोअर कुठं, कोनबी पाहा! पाह्यलं वस्तीतल्यायनं. ठिपका कुठं? ह्या धुऱ्याले लागून वामनरावची विहीर, तिच्यावर. त्याच्या बापानं खांदलेली घरची विहीर, पन नकाशात सरकारी झाली ना बाप्पा! नळाले पंधरा दिवस पानी नाई — आले पन्नास मानसं, हंडे घेऊन, कुदळी घेऊन. कुलूप फोडलं, मोटर फोडली. वामनराव आडवा झाला तं वस्तीतल्या त्या गजेंद्रनं हंडाच हानला तोंडावर. दात पडले. हौदात रक्त — अन् तेच पानी लोक भरून राहिले होते, थांबतच नवते!

मी? मी सोडवाले गेलतो. सब्बल, लोखंडी पहार, अशीच हातात होती, मी इकडं पाइप बशवून राहिलो होतो — कोन्ता पाइप म्हंजे? मोटरचा. त्या टिनाखाली... बरं, हाये! सरकारी बोअर तिथंच हाये! बारा वर्सं झाले, हातपंप म्याच उपटला, मोटर म्याच टाकली, वस्तीत सांगतलं बोअर आटली. मंग? अकोल्याच्या जठारपेठेत रोज गाडी जाते मायी भाजीची, ते काय हवेवर पिकते?

वामनरावले मालूम होतं. बारा वर्सं बोलला नाई, घरीबी नाई — असा शेजारी. त्या दिवशी रक्तानं तोंड भरलेलं, अन् मायाकडं पाहून म्हने, "खुशाल, सांग ना यायले. तूच सांग." पुन्हा तोंड उघडलं त्यानं —

मंग मारली. कानाच्या वर, एकच. घोळक्यात कोनाले दिसलं नाई. नाव गजेंद्रवर गेलं, तो जेलात हाये. वामनराव सहा दिवस अकोल्यात दवाखान्यात पडून होता, मी रोज जाऊन पाहो — बोलते का. नाई बोलला. खांदाबी म्याच देल्ला.

मोबाईल खाली ठेवा. खाली ठेवा म्हन्तो! नाई तं सब्बल अजून इथंच हाये... श्श्. वामनरावची पार्बताबाई येऊन राहिली. त्या विहिरीचं पानी पेववत नाई तिले, मायाकडूनच नेते. एक अक्षर नाई तिच्यासमोर.

— या वहिनी, या. द्या तो हंडा मायाजवळ. हे? कोनी नाई, रस्ता चुकले. निघालेच होते.