होड्या आणणारा माणूस

— नाही, आत नको. इथेच बस ओसरीवर, सावली आहे. अंगावरचं पोर आहे तुझं, उन्हात उभी राहू नकोस. तुझा नवरा आणि तो दुसरा साखळी घेऊन शेत मोजतायत, ते मोजू देत — मक्याची ताटं तुडवतायत, तुडवू देत, कणसं मी काढून घेतलीयत. पण उंबरा ओलांडायचा नाही. आज हे घर माझं आहे. माझ्या नवऱ्याचं नव्हे बरं का — माझं. आमच्या चेरोकींत घर बाईचं असतं, शेत बाईचं, पोरं बाईच्या कुळाची. नवरा राहायला येतो. हसलीस? हस. पाद्रीबाईंना पण हसू यायचं, ज्यांच्याकडे मी तुमची भाषा शिकले त्यांना. आणि नाव नको सांगूस मला तुझं. नाव कळलं की जेवायला विचारावं लागतं.

काय म्हणालीस? हो, ते पलीकडचं घर अजून आमच्याच माणसांचं आहे, आणि ओढ्यापलीकडचंही. त्यांची जमीनसुद्धा तुमच्या सोडतीत, आमच्या जमिनी चिठ्ठ्या टाकून वाटल्या त्यात, निघालीय, कुणाच्या तरी नावावर चढलीय, पण त्यांना उठवता येत नाही, अजून तरी नाही. मग मलाच का? — हेच विचारायचंय ना तुला? अगं, सगळी वस्ती विचारते, तोंडावर नाही, पाठीमागे. कायदा असा आहे तुमच्या जॉर्जियाचा, की ज्या घरातल्या माणसानं इथली जमीन सोडून पश्चिमेला, सरकार दाखवेल त्या मुलखात, जायला नाव नोंदवलं, ते घर रिकामं धरायचं. मग आत बाई राहत असली तरी रिकामंच. माझ्या माणसानं नोंदवलं. वालोसीनं. वालोसी म्हणजे बेडूक — लहानपणापासून पाण्यात, म्हणून पडलेलं नाव.

आता ऐकतेच आहेस तर नीट ऐक. वीस वर्षं झाली त्या लढाईला. आमच्या दक्षिणेला क्रीक राहायचे, दुसरी जमात, तुमच्या तोंडी आम्ही सगळे इंडियनच; ते आपसांत फुटले होते — काही म्हणाले गोऱ्यांसारखं राहू, काही म्हणाले गोऱ्यांना हाकलू — आणि हाकलणाऱ्यांनी एका गढीत तुमची खूप माणसं कापली, बायकापोरंसुद्धा. मग तुमचा जनरल सैन्य घेऊन निघाला. तोच, जो आता राष्ट्राध्यक्ष आहे. आमचे म्हातारे सभेत बसले, दिवस दिवस बोलले, आणि ठरलं की या लढाईत गोऱ्यांच्या बाजूनं उभं राहायचं, म्हणजे पुढे कुणी आपल्याला शत्रू म्हणायचं नाही, आपल्या जमिनीकडे बोट दाखवायचं नाही. चूक होतं का हे? मला तेव्हा चूक वाटलं नाही. मुलगी मांडीवर होती माझ्या, तुझ्या पोरीएवढी. मी त्याला मक्याचं भाजलेलं पीठ बांधून दिलं आणि म्हटलं, जा.

टॅलापूसा नदी तिथे वळसा घालते, आणि त्या वळशात क्रीकांचं गाव. पुढून लाकडांची उंच भिंत, मागून तिन्ही बाजूंनी नदी. तुमच्या तोफा त्या भिंतीवर आपटत राहिल्या, काही झालं नाही. आमची माणसं नदीच्या अलीकडच्या काठावर, कुणी पळून जाऊ नये म्हणून बसवलेली. आणि समोरच्या काठावर होड्या बांधलेल्या दिसतायत. वालोसी आणि आणखी दोघं कपडे टाकून पाण्यात उतरले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. गोळ्या पडत होत्या, तरी पोहत गेले, होड्या सोडल्या, ओढत घेऊन आले. मग त्या होड्यांतून माणसं पलीकडे गेली, पुन्हा गेली, गावाला मागून आग लागली, आणि तेव्हा कुठे तुमचं सैन्य ती भिंत चढलं. मांडीत गोळी घेऊन आला घरी. पुढे जन्मभर लंगडला. पण त्या दिवसाचं सांगताना उठून उभा राहायचा, आणि सांगताना लंगडत नव्हता. खरंच सांगते, मी पाहिलंय.

आणि मी काय केलं तोवर? मी इथे होते. तुमचं घोडदळ घरी परतताना या रस्त्यानं गेलं. आमच्याच बाजूचं सैन्य म्हणून मी पाणी घेऊन पुढे गेले — झऱ्याचं गार पाणी. त्यांनी पाणी प्यायलं, मग डुकरं मारली, घोडी नेली, कोठाराचं दार मोडून मका भरून घेतला. एकजण हसत म्हणाला, इंडियन म्हणजे इंडियन, कोण कुठला कोण बघत बसतो. वालोसी आला तेव्हा गोठ्यात शेपूट नव्हतं. तो म्हणाला, क्रीक आले होते का? मी म्हटलं, तुझे सोबती आले होते. विश्वास बसला नाही त्याचा. माझ्यावर नाही बसला, बघ. म्हणाला, तू घाबरली होतीस, तुला ओळखता आलं नसेल. मी? मला ओळखता आलं नसेल?

जाऊ दे. त्या लढाईतल्या गोऱ्यांत एक कप्तान होता, प्रुइट. नदीपलीकडे जाताना त्याची होडी कलंडली, आणि वालोसीनं त्याला केसांना धरून वर काढलं. तो मात्र विसरला नाही. वर्षाआड यायचा, इथेच बसायचा, तू बसलीयस तिथेच. घेवडा घातलेली भाकरी मागून घ्यायचा माझ्याकडे. मुलीच्या लग्नाला चांगली गाय आणली त्यानं. वालोसीला भाऊ म्हणायचा आणि मला वहिनी. लढाई संपल्यावर क्रीकांचा अर्धा मुलूख सरकारनं घेतला — विरुद्ध लढलेल्यांचा तर घेतलाच, बाजूनं लढलेल्यांचाही घेतला — तेव्हा मी म्हटलं, आता आपली पाळी. प्रुइट हसला. म्हणाला, वहिनी, तुमच्या अंगाला हात लागेल त्या दिवशी मी मध्ये उभा असेन.

मागच्या हिवाळ्यात आला तो सरकारचा माणूस होऊन आला. नावं नोंदवायचं काम मिळालं होतं त्याला. मला त्यानं सांगितलं नाही, आणि मीही भाकरी वाढली. दोघं झऱ्यावर जाऊन बोलत बसले. काय बोलले? — नंतर वालोसीनं सांगितलं. प्रुइट म्हणाला, भावा, इथे जॉर्जियाचा कायदा तुम्हाला खाऊन टाकणार, कोर्टात तुमची साक्षसुद्धा चालत नाही. तू फक्त तुझं नाव दे. पुढे जा, नदीकाठची चांगली जमीन बघून ठेव. घर तर तुझं नाहीच, तुमच्या रीतीनं ते बायकोचं, मग त्याला कोण हात लावतो? चतुर, नाही? आमचीच रीत आमच्या गळ्यात अडकवली. आणि वालोसीनं कागदावर सहीच्या जागी फुली मारली.

मला आधी विचारलं नाही. चोवीस वर्षांचा संसार, आणि माझ्या घरावर फुली मारून मग घरी आला सांगायला. मी विचारलं, का? तर म्हणाला, "प्रुइट खोटं बोलणार नाही. मी त्याला पाण्यातून काढलाय." एवढंच. जसं काही पाण्यातून काढलं की माणूस बांधला जातो. मी आत गेले. त्याचं कांबळं, बंदूक, पावे — दोन पावे होते त्याचे — सगळं आणून दाराबाहेर ठेवलं. आमच्यात एवढं केलं की लग्न संपतं. बोलावं लागत नाही.

त्यानं अंगणात बसून एकेक वस्तू कांबळ्यात बांधली. मग सगळं उचललं आणि गेला. एक पावा राहिला. — नाही, विसरला नाही. ठेवून गेला.

वस्तीत मी सांगते की तो जमीन बघायला गेलाय. आत्ता तुलाही तेच सांगणार होते. गेला खरा, वसंतातल्या बोटीनं. पण वाटेत बोटीवर आधी गोवर आला, मग आर्कान्सा नदीचं पाणी आटलं, बोट अडकली, आणि सगळ्यांना काठावर उतरवलं. तिथे पटकी आली. तिथून परत पळून आलेल्या एकानं सांगितलं मला — वालोसी दुसऱ्यांच्या पोरांना पाणी आणून द्यायचा, लंगडत जायचा नदीवर आणि यायचा, आणि एका सकाळी पाण्याशीच पडलेला सापडला. माणसं एवढी मरत होती की पुरायलाही — बस झालं. मला राग कशाचा येतो सांगू? मेल्याचा. भांडण अर्धं ठेवून मेला. मी त्याला आयुष्यभर ऐकवणार होते, बाई. म्हातारपणी रोज ऐकवणार होते, आणि तो इथे बसून ऐकणार होता, असं मी धरून चालले होते. दार लावलं होतं मी, कडी नव्हती घातली.

प्रुइट? तो आला ना पुन्हा, घराची किंमत करायला. टोपी काढून उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. म्हणाला, वहिनी, मला खरंच वाटलं होतं की घराला हात लावणार नाहीत. मी विचारलं, मग आता मध्ये उभा राहणार का? तो खिडक्या मोजायला लागला.

पोरीकडे काय बघतेस, ती झोपलीय. — काय? मोठ्यानं बोल. तुझा बाप? त्या लढाईत? टॅलापूसावर नाही... बरं, त्याच्या आधी, त्याच हिवाळ्यात, क्रीकांच्याच मुलखात. तू आईच्या पोटात होतीस. पाहिलं नाहीस त्याला कधी. — थांब. म्हणजे सोडतीतली चिठ्ठी तुझ्या आईची? नवरा लढाईत गेला म्हणून सरकारनं विधवेला जास्तीची चिठ्ठी दिली, ती ही निघाली, आणि तिनं जमीन तुला दिली?

असं.

तुझ्या आईला तिच्या माणसाच्या बदल्यात माझं घर दिलं. माझ्या माणसाच्या बदल्यात मला कुणाचं देणार होते, विचारलंस कुणाला?

नको, रडू नकोस. तुझा बाप गेला, ते खोटं नाही. पण ते रडणं तुझ्या घरी रड. माझ्या खांद्याला हात लावू नकोस, मला सहन व्हायचं नाही. ऊठ. तुझा नवरा हाक मारतोय, साखळी गुंडाळली त्यानं. मी सकाळी मुलीकडे निघतेय, डोंगरात. दार उघडं असेल, झऱ्याची वाट अंगणातून खाली जाते. भांडीकुंडी घेतलीस तरी चालेल, मला एवढं उचलता येणार नाही. पण चुलीतला विस्तव मी मडक्यात घालून नेणार आहे. माझ्या आईच्या आईकडून आलेला आहे तो. चूल तुला गार मिळेल.

तुझा विस्तव तू घेऊन ये. जा आता.