मागची शिट्टी

ग्राहक न्यायालयाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आणि त्यांच्या वकीलबाई बसल्या होत्या.

“मावशी, कर्जवसुलीवाल्याच्या फोनवरच्या शिव्या नि धमक्या तेवढ्या ऐकवू. त्याला जाब विचारायला तेवढं पुरे. बाकीचं रेकॉर्डिंग कापते.”

“कापू नका.”

“अहो, मागे नुसती कुणाची तरी शिट्टी आहे.”

“आमच्या यांची. त्या मेल्याचा फोन आला की मुद्दाम वाजवायचे, मी घाबरू नये म्हणून. एकदम बेसूर.”

“आणि तुम्ही ओरडताय, ‘बंद करा हो.’”

“रोज ऐकते. हे गेल्यापासून दुसरं आहे काय माझ्याकडे? फोटो काही शिट्टी वाजवत नाही.”

“मग आत सगळं लावू?”

“लावा. आज नाही म्हणणार बंद करा.”