चार नंबरवरून मोतीराम

माहा जलम नागपुरातल्या लकडगंजचा. बाप आरा मशीनवर लाकडं चिरे, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या काढे, अन् माय त्या पेट्यांले खिळे ठोके. धम्माची दीक्षा झाली तवा मी माईच्या कडेवर होती, मले त्यातलं काही आठवत नाई, पन माय सांगे का बाप त्या दिवशी घरी येऊन लहान पोरासारखा रडला अन् म्हने, पोरीले शाळेत घालू. घातलंही. सातवी शिकली मी, मंग लगन होऊन वाडीले आली, अमरावती रोडवर. नवरा ट्रकवर माल चढवे. चांगला होता बिचारा, पन काविळीनं गेला, लेकरूबाळ काही नव्हतं.

मंग त्याच रोडवरच्या एका गोदामात मले झाडू मारायचं काम भेटलं. ते गोदाम धान्याचं नाई, सिमिटाचंही नाई. कंपन्यांचे, बँकांचे जुने कागद तिथं ठेवायले येत. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, छतापावेतो रॅक, अन् एकामागं एक असे चार शेड. कोनाले जुना कागद लागला का मानूस ऑफिसातून निघे, उन्हात पार चार नंबरपर्यंत जाये, तिथं समजे का बस्ता दोन नंबरमधी हाय, मंग वापस फिरे. काय सांगू भाऊ तुमाले, नागपूरचं ऊन, मानसं चक्कर येऊन पडत.

म्हून सेठनं लायसन काढून ते वायरलेसचे सेट आनले. वाकीटाकी म्हनत त्याले, आमी नुस्तं सेट म्हनो. काळा, हातात धराले विटेसारखा जड, वर लांब दांडी. बटन दाबलं का बोलायचं, सोडलं का ऐकायचं. गडीमानसं त्यात बोंबलत, बटन सोडायलेच भुलत, मंग नुस्ती खरखर. एक दिवस मॅनेजर मले म्हने, बाई, तू बोलून पाह्य वं. मी बोलली, तं चारही शेडातून जबाब आला का साफ ऐकू येऊन राहिलं. तवापासून झाडू सुटला अन् मी ऑफिसात सेट घेऊन बसली. कोनता बस्ता पाह्यजे ते मी सांगो, अन् शेडातले लोक शोधून धाडत.

चार नंबरमधी मोतीराम होता. काटोलकडचा, शेतकरी घरचा, पन लहानपनीच एक पाय वाळला. भाऊ म्हनत, हा शेतात काय कामाचा, म्हून त्यानं घर सोडलं. शिडीवर मात्र सरसर चढे. चार नंबरचं फाटक मागच्या अंगाले, म्हून लय दिवस मी त्याचं तोंड पाह्यलं नव्हतं, आवाज तेवढा दिवसभर कानापाशी. बस्ता सापडला का बाकीचे म्हनत, भेटला. तो म्हने, भेटला जी, धाडतो जी. मले जलमात कोनी जी म्हनलं नव्हतं, भाऊ.

आता त्या सेटचं असं हाय का एक बोलला का साऱ्यायले ऐकू जाये. म्हून आमी दुसरं काही बोलतच नव्हतो, बस्त्याचं बोलनं, बस. पन मानसाले समजते. माहा आवाज बसलेला असला का तो दोनदा विचारे, नंबर काय म्हनला जी? नंबर त्याले पयलेच ऐकू आलेला राहे. मी बरी हाय का नाई, ते पाह्यचं राहे त्याले.

अन् एक दिवस भर दुपारी सेट वाजला. कुसुमबाई, चार नंबरवरून मोतीराम बोलतो, बस्त्याचं नाई बोलत, माह्यासंगं घर करता का? सेट खरखरून राहिला. एक नंबरवरून गनपत म्हने, अवं बोल ना वं बाई, आमी सारे थांबून राहिलो. मंग मी बटन दाबलं अन् म्हनलं, हो जी.

लगन आमच्या वस्तीतल्या विहारात झालं. त्याचे भाऊ आदल्या दिवशी येऊन सांगून गेले का जातीबाहेर गेला, तू आमाले मेला. त्याच्या मायले तर त्यायनं येऊच देल्लं नाई. मोतीराम नुस्ता चुना मळत बसला, तंबाखू हातात नव्हताच.

सुखाचे दिवस होते ते, थोडेच होते. मंग त्याले खोकला लागला. जुन्या कागदाची धूळ अन् वाळवीसाठी मारत ते पावडर, वर्सानुवर्स छातीत गेलेलं. दवाखान्यात म्हने, हे काम सोड. सोडून करन काय, पाय तसा. सेटवर बोलता बोलता त्याले ढास लागे, तं तो बटन सोडून खोकले, मले ऐकू जाऊ नये म्हून. मंग बटन दाबून म्हने, भेटला जी. पन मधात जे चूप राहे, त्यात तिकडं काय होऊन राहिलं ते मले समजे. मी हातात सेट धरून बसो. काय करू?

एक दिवस ते चूप सरलंच नाई. मी बोलावलं, मोतीराम, अहो मोतीराम, तिसऱ्यांदा बोलावलं अन् सेट टाकून पळाली. शिडीच्या पायाशी बसला होता, तोंडात रक्त. दवाखान्यात नेलं, तिथंच गेला.

त्याचे भाऊ गाडी घेऊन आले. जित्तेपनी मेलेला, आता मेल्यावर त्यायचा झाला. मी गाडीत बसली, तं गावाच्या शिवेपाशी मले उतरवलं, म्हनले, बाई, येथून पुढं नको. मी रोडवर बबुळीखाली उभी राहून धूर पाह्यला अन् येस्टीनं वापस आली. कामावर गेली तं चार नंबरवरून दुसऱ्याच मानसाचा आवाज आला. माहं बोट बटनावर जाईना. गनपत ऑफिसात आला, सेट हातातून घेतला अन् त्या दिवशी तोच बोलला.

मंग उन्हाळ्यात एक म्हातारी वाडीत विचारत आली, कागदाच्या गोदामातली बाई कुठं राह्यते. मोतीरामची माय. खोलीत बसली, पानी पेली अन् म्हने, पोराचा आवाज मी किती वर्सं ऐकला नाई, तुया कानात दिवसभर होता, सांग वं, काय बोले तो? आता माह्यापाशी सांगाले काय होतं? सारं बस्त्याचंच. तेच सांगतलं, भेटला जी, धाडतो जी. ते म्हने, आनखी सांग. मी आनखी तेच सांगतलं. म्हातारी मान हालवत ऐके. म्हने, जी म्हनायले मीच शिकवलं त्याले.

एका दिवसासाठी आलती, गेलीच नाई. पोरं न्यायले आले तं दारातूनच म्हने, माही सून कामाले जाते, घर कोन पाहीन? मी चुलीपाशी होती. सून म्हनलं तिनं मले, चारचौघांत.

आता तिचे डोळे गेले. सेटवर मी हावोच अजून. सकाऊन मी निघाली का म्हातारी उंबऱ्यावर बसते अन् म्हनते, सांजच्यानं लवकर ये वं माय. कोनी वाट पाहून राहिलं हाय, एवढं बस झालं मले. तुमचंही घर भरलं राहो, बाप्पा.