दोन पक्षांचा एक ठराव

बायको गेल्यावर तिची चाकांची खुर्ची इस्पितळात परत करायला सुतार आला होता. बाकावर त्याच्या शेजारी दोन पुढारी खालच्या आवाजात भांडत होते, एक सत्तेतला, दुसरा विरोधातला.

“गांजा औषध म्हणून कायदेशीर करायचा ठराव उद्या मी मांडतो,” सत्तेतला म्हणाला. “तू पाठिंबा दे.”

“तू मांडलास की माझी माणसं न वाचताच आडवी येतात. शिवाय निवडणुकीत मला गंजेड्यांचा पुढारी म्हणाला होतास.”

“तेव्हा माझी बायको आजारी नव्हती रे.”

“आता कशी आहे?”

“चोरून आणलेला दिला, की दोन घास पोटात जातात.”

“हेच सभागृहात सांग. माझे लोक मत देतील.”

“आणि पोलीस दारात आले तर? तिच्याकडे कोण बघेल?”

“मग ठराव पडला म्हणून समज. कुणीतरी उघडपणे बोलल्याशिवाय ते हलणार नाहीत.”

सुताराने खुर्ची बाजूला सारली.

“साहेब, सभागृहात माझं नाव सांगा. मीही माझ्या बायकोला चोरूनच आणून द्यायचो.”

“काका, तुम्हाला आत टाकतील.”

“टाकू देत. घरी आता वाट बघणारं कोणी नाही.”