डाव्या हाताचं बोट

माहं माहेर सडक अर्जुनीकडचं, अना दिलं मले इकडे दरेकशाच्या जंगलात. तेंदूपत्ता तोडा, मोहा वेचा, बस. लगनाले वरीस नोतं झालं अना इलेक्शन आलं. माहं नाव माहेरच्याच यादीत, म्हनून घरात एकच वोट, घरवाल्याचं, अना मीच पाठवलं त्याले, काय सांगू बाई तुमाले, मीच.

झाडाझाडाले कागद चिपकवले होते दादालोकाहिनं, हे जंगलातले बंदूकवाले, का वोट टाकन त्याचं बोट कापू. त म्या म्हनलं, वोट नाई टाकलं त राशनकार्डातून नाव कटते, मंग खाऊ काय. असंच समजत होतो आमी. तो म्हने, मशीनमंधी कोनाले दिलं ते दिसत नाई, मंग कायले भेवाचं. गेला. आमच्याकडे तीन वाजताच वोटिंग बंद होते, त्याच्या आधी परत आला, बोटावर शाई घेऊन.

कोनाले दिलं ते लपते बाई, पन दिलं हे कसं लपन. राखेनं घासलं, लिंबू लावला, जाईच ना. मंग मले सुचलं, बिब्याचं तेल लावू, कातडी निंगन त शाई बी निंगन. माह्याच हातानं लावलं. बिबा असा उतला का बोट वांग्यावानी सुजलं.

चवथ्या दिवशी दादालोक आले, भर दुपारी, साऱ्याहिले वडाखाली बसवलं, म्हने हात पुढे करा. शाईवाले तिघं होते, त्याहिले चार-चार दंडे हानले अना सोडलं. माह्या घरवाल्याचं बोट पायलं त म्हने, यानं लपवलं. बंदुकीच्या दस्त्यानं तोंड फोडलं, दात मातीत पडले, मंग हात दगडावर ठेवला अना कुऱ्हाडीच्या एकाच घावात ते बोट तोडलं. मी ओरडून रायली होती का बिबा म्या लावला, माहा हात कापा. कोन आयकते. दोन दिवसानं खाकीवाले आले, म्हने तुमीच त्याहिले जेवू घातलं, अना त्याच फडकं बांधलेल्या मानसाले पट्ट्यानं मारलं.

मागच्या इलेक्शनले आमी दोघंही गेलो, आता माहं नाव इथंच हाये. बूथवरच्या मास्तरनं त्याचा डावा हात पायला अना बाजूच्या बोटाले शाई लावली. म्हने नियम हाये, ते बोट नसन त दुसऱ्याले लावाचं. म्या राशनकार्डाचं इचारलं, त म्हने वोट नाई टाकलं तरी नाव कटत नाई, बाई.

शाई नखासंग वाढत वाढत आपल्यानं निंगून जाते, घासाचं काम नाई. मी लगनाआधी माहेरी एकदा बी वोट टाकलं असतं त मले मालूम असतं, बिबा लावला नसता.