काठ सोडून

धक्क्यावर डिझेलसाठी रांग होती. बोटींचा सगळा तांडा आज सरोवर ओलांडणार होता. कॅन घेऊन उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं पडत होतं. ऐकायचं नाही म्हटलं तरी.

“वहिनी, तुम्ही आपल्या काठाकाठानं या. आम्ही पलीकडे थांबतो.”

“नाही भाऊजी. मी तुमच्याबरोबर मधूनच येणार.”

“दादांनी जन्मात कधी काठ सोडला नाही. आणि तुम्ही आत्ता कुठे सुकाणू धरायला लागलात!”

“यांना झटका आल्यापासून. वाचा गेली, उजवा हात गेला, पण बोट जरा वाकडी गेली की असे डोळे वटारायचे!”

“आता नाही वटारत? मग तुमचा हात बसला म्हणायचा.”

“कसला बसतोय! काल धक्क्यावर दाणकन आपटली बोट. कपबश्या फुटल्या. आत पडलेल्या यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही.”

“अरेरे.”

“लग्न झाल्यापासून एकाच गोष्टीवरून भडकत आलेत. मी ‘मधून जाऊ या’ म्हटलं की.”

“वहिनी, वारा उठला तर?”

“तर दोर टाका. पण मी वळणार नाही.”

“मग मी तुमच्या शेजारूनच चालवतो.”

बोटी सुटल्या. वहिनींच्या बोटीनं काठ सोडला आणि नाक थेट मोकळ्या पाण्याकडे केलं. आतून कुणीतरी फळी बडवली. एकदा, मग धडाधड.

“बडवा!” वहिनी ओरडल्या. “अजून जोरात बडवा!”

आणि त्यांनी वेग वाढवला.