बाईंचा फोन आला तर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे वकीलसाहेब, आणि चहा गार होतोय हे माहीत असूनही बसून राहिलेल्या माझ्या वसुली विभागातल्या बंधुभगिनींनो,

माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकून मी मागे वळून पाहिलं, दुसरंच कोणी उभं आहे का! वसुलीवाल्याचं कौतुक कोण करतं? आमचा आवाज ऐकला की लोक फोन ठेवतात. आज निवृत्त होतोय, सगळी नोकरी त्यातच गेली.

अपवाद एक. साथीच्या दिवसांत आदेश आला. साथ ओसरेपर्यंत कर्जदाराच्या दारात जायचं नाही, त्याला फोन करायचा नाही, घरावर जप्ती आणायची नाही. आदेश रास्तच होता, कित्येकांची घरं वाचली. त्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. दर महिन्याला मी त्यांना फोन करायचो. आदेशानंतर माझ्या टेबलावरचा फोन वाजला, तो त्यांचाच.

"साहेब, बरे आहात ना? या महिन्यात फोन नाही, म्हटलं आजारी पडलात की काय."

"बाई, तुम्हाला फोन करायला बंदी आहे."

"आणि मी केला तर?"

मी वकीलसाहेबांना विचारलं. काय म्हणाला होतात, आठवतंय साहेब? "संरक्षण त्यांना आहे, तुम्हाला नाही. त्यांनी केला तर बोला. हप्त्याचा विषय मात्र काढायचा नाही." आता वसुलीवाल्याने हप्ता सोडून बोलायचं तरी काय? ते बाईंनीच शिकवलं. मागे शिलाई मशीन खडखडत असायचं आणि त्या विचारायच्या, "जेवलात का?" आमची ही नुकतीच गेली होती. घरात हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

पुढे आदेश उठला. पहिला फोन नियमाप्रमाणे मलाच करावा लागला. "आपला हप्ता थकला आहे." मशीन थांबलं. "हो साहेब," एवढंच म्हणाल्या. नंतर त्यांनी सगळं फेडलं आणि खातं बंद झालं. बंद खात्याला आपण फोन करत नाही, तेही रास्तच.

माझ्या डोक्यावर कुणाचं कर्ज नाही. म्हणजे उद्यापासून मला फोन करायचं कुणाला कारणच नाही. एकटं वाटतं हो, खोटं कशाला बोलू?

तेव्हा माझ्या जागेवर जो बसेल, त्याला एक विनंती. कधी फोनवर मशीनचा आवाज आला आणि कोणी "बरे आहात ना?" विचारलं, तर राँग नंबर म्हणू नका. माझ्या घरचा नंबर द्या. त्यांनी केला तर बोलायला मनाई नाही, वकीलसाहेबांना आजच पुन्हा विचारून घेतलंय.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला, आणि आता चहा घ्या.